अर्ध्या मनाचा समर्थक म्हणून प्रचारसभेला जाणे योग्य आहे का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील कोरडवाहू कापूस उत्पादक शेतकरी आहे. आमच्या घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत देण्याची रीत आहे आणि मीही आजवर बहुतेक वेळा त्याच पक्षाला मत दिले आहे. मात्र गेल्या काही वर्षांत त्या मतामागे पूर्वीचा उत्साह राहिलेला नाही. समोरचा पर्याय अधिक चांगला वाटत नाही म्हणून मी त्यांच्याबरोबर आहे, इतकेच. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही अडचण कोणत्याही पक्षाच्या मतदाराची असू शकते आणि चर्चा पक्षांवर घसरावी अशी माझी इच्छा नाही.

गेल्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराची सभा तालुक्याच्या गावी होती. माझा चुलतभाऊ त्या पक्षाचे बूथचे काम पाहतो आणि त्याने दोनदा घरी येऊन आग्रह केल्यामुळे मी गेलो. सभेची वेळ सहाची होती, उमेदवार आठच्या सुमारास आले. मंडपाच्या तोंडाशी एका पोरसवदा कार्यकर्त्याने पक्षाच्या रंगाचे उपरणे माझ्या गळ्यात घातले. ते काढून परत देणे म्हणजे त्या मुलाचा अवमान करणे असे वाटल्याने मी ते तसेच राहू दिले. उमेदवारांनी सुरुवातीची चार वाक्ये अहिराणीत उच्चारली तेव्हा मला मनापासून बरे वाटले, आणि माझ्या मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ “हाऊ आपला माणूस शे” असे शेजाऱ्याला म्हणाले, तेही मला पटले. मात्र पुढच्या पाऊण तासात तापीवरच्या पाडळसे धरणाचा, म्हणजे ज्या निम्न तापी प्रकल्पाच्या पाण्याची वाट पाहत आमच्या तालुक्यातील एक पिढी म्हातारी झाली त्याचा, उल्लेख एका वाक्यात आटोपला. शेवटी सर्वांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्यावा असे सांगण्यात आले. माझेही हात वर गेले. ते मी वर केले की आजूबाजूच्या हातांबरोबर ते आपोआप गेले, हे मला आजही नेमके सांगता येत नाही.

खरा त्रास नंतर सुरू झाला. सभेची चित्रफीत गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि तीत उपरणे घातलेला मी स्पष्ट दिसत होतो. माझ्या बांधाला बांध असलेले शेजारी दुसऱ्या पक्षाचे आहेत. आम्ही दोघे मिळून शेतातील जळालेली डीपी (विजेचे रोहित्र) बदलून मिळावी म्हणून दोन हंगाम पाठपुरावा करत होतो, आणि पुढच्या अर्जावर सही घ्यायला मी गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, आता तुमचं वरपर्यंत बोलणं होईलच, मग माझी सही कशाला?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

आता पुन्हा निवडणूक येईल, पुन्हा चुलतभाऊ घरी येईल. ज्याचे मन अर्धेच आहे अशा माणसाने सभेला जावे का? गेल्यास आपण खोटी साक्ष देतो का? न गेल्यास, ज्याला मत द्यायचे त्याचे म्हणणे न ऐकताच मत दिल्यासारखे होत नाही का? अनुभवी मंडळींनी आपले मत सांगावे.

पांझराकाठ (धुळे)

आपला प्रश्न वाचून मला माझे बालपण आठवले. १९७७ च्या निवडणुकीत मी मतदार नव्हतो, पण वडिलांचा हात धरून सभांना जात असे. वडील एका आठवड्यात दोन्ही बाजूंच्या सभा ऐकत, घरी येऊन आईला दोन्ही भाषणे सांगत आणि मत कोणाला देणार हे तिलाही सांगत नसत. सभेला गेलेला माणूस त्या पक्षाचा झाला असे तेव्हा आमच्या गल्लीत कोणी मानत नसे. उमेदवाराचे म्हणणे ऐकण्याचा दुसरा मार्गच नव्हता, त्यामुळे सभा ही आधी ऐकणाऱ्यांची होती आणि मग समर्थकांची.

आपल्या खानदेशात तर ही परंपरा फार जुनी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन झाले, पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि साने गुरुजींसारख्या माणसांनी त्याच्या तयारीसाठी जिवाचे रान केले होते. बैलगाड्या करून जे शेतकरी तेथे आले त्या सर्वांच्या मनात पक्षनिष्ठा काठोकाठ भरलेली होती असे मला वाटत नाही. पुष्कळ लोक कुतूहलाने आले असतील, काही नेहरूंना पाहायला. तरीही त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला आणि सारा, खंड व कर्जाचा बोजा हे शेतकऱ्यांचे रोजचे विषय त्यात आले. समोर बसलेला माणूस कोण आहे याचा व्यासपीठावर परिणाम होतो, असे मी यावरून समजतो.

आणखी एक गोष्ट लिहितो. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार होत्या तेव्हा जळगाव जिल्ह्याला केवढा अभिमान वाटला होता. पण त्या निवडणुकीसाठी त्यांना खानदेशात एकही सभा घेण्याचे कारण नव्हते, कारण राष्ट्रपतीला मत देतात ते खासदार आणि आमदार. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गावोगाव फिरतो, कारण तेथे सामान्य माणूस मतदानाला जातो. याच प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावातून आणि पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, विधानसभेला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना आपल्यासारख्या मतदारांपुढेच यावे लागले. उमेदवार सभा घेतो ती आपल्या मताची त्याला गरज असते म्हणून, आणि ज्याचे मत पक्के आहे त्याच्यापेक्षा ज्याचे पक्के नाही त्याची गरज त्याला अधिक असते. आमच्या धुळे लोकसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल ३,८३१ मतांनी लागला. इतक्या लाखांच्या मतदानात हे अंतर म्हणजे चार-पाच गावांतील काठावरची माणसे. तेव्हा आपण अवश्य जावे, मात्र दोन्हीकडे जावे.

केळीबाग (सावदा)

पांझराकाठ यांच्याबद्दल पूर्ण आदर बाळगून मी वेगळे मत मांडतो. ते ज्या सभेबद्दल लिहितात ती ऐकण्याची सभा होती. आजची मोठी सभा ही प्रामुख्याने दाखवण्याची असते. वर ड्रोन फिरत असतो, मंडप किती भरला हे त्याच रात्री प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते, आणि त्या चित्रात बोरीकाठ यांचे अर्धे मन दिसत नाही, पूर्ण भरलेली खुर्ची दिसते. त्यांचे शेजारी दुखावले ते उगीच नाही. मी गेल्या दोन निवडणुकांपासून मोठ्या सभेला जाणे बंद केले आहे.

याचा अर्थ मी घरी बसतो असा नाही. उमेदवार गावात येतो, पारावर किंवा सोसायटीच्या कार्यालयात वीस-पंचवीस माणसांत बसतो, तेथे मी न चुकता जातो. गेल्या वेळी मी केळीच्या विम्याबद्दल विचारले. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुकसान ठरते ते महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर. बाग डोळ्यांदेखत आडवी झाली तरी केंद्रावर वाऱ्याचा वेग नोंदला गेला नसेल तर शेतकऱ्याने काय करावे, हा माझा प्रश्न होता. उमेदवारांना त्यातील फारसे माहीत नव्हते आणि त्यांनी तसे मान्य केले, सोबतच्या माणसाला टिपून घ्यायला सांगितले. दहा हजारांच्या सभेत हा प्रश्न मला विचारताच आला नसता. ज्याचे मन अर्धे आहे त्याला उरलेले अर्धे भरण्यासाठी उत्तर हवे असते, आणि उत्तर पारावर मिळते. बोरीकाठ, आपण चुलतभावाला स्पष्ट सांगा की उमेदवाराला गावात आण, मी पहिल्या ओळीत बसेन.

सातपुडा पायथा (चोपडा)

मी शासकीय नोकरीत होतो आणि निवडणूक खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या पथकात तीन वेळा काम केले आहे, म्हणून काही वस्तुस्थिती सांगतो. तिच्यामुळे बोरीकाठ यांचा जीव थोडा हलका होईल असे वाटते.

प्रत्येक मोठ्या सभेला आमचे चित्रीकरण पथक जात असे. आम्ही खुर्च्या, मंडपाचे आकारमान, ध्वनिक्षेपक, फलक, झेंडे आणि आलेली वाहने टिपत असू. प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून दिलेला असतो, त्यानुसार खर्च काढून तो छाया नोंदवहीत लिहिला जातो आणि उमेदवाराने दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहिला जातो. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये अशी २०२२ मध्ये ठरली. आपल्या गळ्यातील उपरणेही त्या हिशेबात धरले जाते. टोपी आणि उपरणे वाटता येते, साडी किंवा सदरा वाटता येत नाही. मात्र माणसांची नावे आम्ही कधीही लिहिली नाहीत. आपण सभेला गेलात म्हणून कोणत्याही कागदावर त्या पक्षाचे झाला नाहीत.

गाडीबद्दल अनेकांचा गोंधळ असतो. सभेसाठी आणलेल्या वाहनाचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडतो. मतदानाच्या दिवशी मतदारांना केंद्रावर फुकट नेण्यासाठी वाहन भाड्याने घेणे हा मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. मतासाठी पैसे देणे तर गुन्हा आहेच, घेणेही गुन्हा आहे. पैसे आपण घेतले नसणार याची मला खात्री आहे, पण वाचणाऱ्या तरुणांसाठी लिहून ठेवतो.

आणि भर सभेत उठून प्रश्न विचारण्याचा विचार असेल तर जपून. सभा उधळण्याच्या हेतूने गोंधळ घालणे हा त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. शांतपणे विचारलेला प्रश्न म्हणजे गोंधळ नव्हे, परंतु तापलेल्या मंडपात हा फरक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. लेखी निवेदन द्यावे, त्यावर तारीख घालावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी.

गिरणामाय (भडगाव)

वरील सर्व मंडळी स्वतःहून जायचे की नाही हे ठरवू शकतात, म्हणून बायकांची बाजू मांडते. आमच्याकडे बचतगटाच्या अध्यक्षाला निरोप येतो की चाळीस महिला हव्यात, दुपारी गाडी येते आणि परत यायला रात्रीचे अकरा वाजतात. माझ्यासोबतच्या निम्म्या जणींना सभा कोणाची आहे हे गाडीत बसल्यावर कळले होते. त्यांना अर्ध्या मनाचे समर्थकही म्हणता येणार नाही. त्यांचे मन कोणी विचारलेलेच नव्हते. तरीही मी सांगते की त्यातल्या तीन-चार जणी आयुष्यात प्रथमच एखाद्या पुढाऱ्याचे भाषण पूर्ण ऐकत होत्या, आणि परतताना गाडीत गिरणेच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीवर, जी चर्चा झाली तितकी गंभीर चर्चा मी आमच्या ग्रामसभेतही ऐकलेली नाही.

आता आम्ही गटात ठरवले आहे की जिला जायचे तिने जावे, अध्यक्षाने आकडा कबूल करू नये आणि उपरणे कोणी घातले तर ते काढून पिशवीत ठेवावे. काही महिने कुरबूर झाली, मग सर्वांना सवय झाली. बोरीकाठ दादा, त्या मुलाचा अवमान होईल असे आपल्याला वाटले हे मी समजू शकते. पण उपरणे हातात घेऊन “राहू दे बाळा, मी ऐकायला आलो आहे” एवढे म्हटले तर कोणाचाही अवमान होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. गिरणामाय ताईंचे वाक्य मी पाठ करून ठेवले आहे. केळीबाग यांचे म्हणणे पटते. पण आमच्या गावाची मते थोडी असल्याने उमेदवार आमच्या पाराऐवजी तालुक्याच्या मैदानावरच भेटतो, त्यामुळे मला सभेला जावेच लागेल.

काल संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो. सभेचा विषय मीच काढला आणि हात वर गेल्याचेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि त्यांच्या पक्षाच्या सभेत त्यांना पाडळशाबद्दल काय ऐकायला मिळाले ते सांगू लागले. तेही एकच वाक्य होते. पांझराकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही दोघांनी दोन्ही सभांना बरोबर जायचे ठरवले आहे, आणि सातपुडा पायथा यांच्या सल्ल्यानुसार दोन्ही उमेदवारांना एकच निवेदन द्यायचे आहे. डीपीच्या अर्जावरही त्यांनी सही केली. निवेदनाचा मसुदा रात्री लिहिला, तो असा: “पाडळसे धरणाचे काम सुरू होऊन पाव शतक उलटले आहे. आपण निवडून आल्यास पहिल्या वर्षात या कामासाठी किती निधी मागणार, आणि आमच्या गावच्या शिवारात पाणी कोणत्या वर्षी येईल, हे आपल्या सहीनिशी कळवावे.” खाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत. भाषेत काही सुधारणा हवी असल्यास कृपया सुचवावी.