जुनी बस ओळखताना नंबरप्लेट सगळ्यात शेवटी बघा

दुमजली :

सिनेमातली जुनी बस ओळखायची म्हटलं की बहुतेक जण एकच करतात. दृश्य थांबवायचं, नंबरप्लेट मोठी करून वाचायची, ताफ्याच्या यादीत शोधायची आणि निकाल जाहीर करायचा. मला ही पद्धत उलटी वाटते. प्लेट सगळ्यात शेवटी बघावी. आधी बस बघावी.

प्लेट दोन-चार स्क्रूंवर टिकलेली असते. चित्रीकरणाच्या दिवशी ती काढून दुसरी लावायला कुणाला फारसे कष्ट पडत नाहीत. छताची गोलाई, खिडक्यांमधले खांब, रेडिएटर, चाकांची मांडणी हे बदलायचं तर कारखाना लागतो.

'स्पीड' (१९९४) मधल्या बसवर २५२५ हा क्रमांक आहे. चित्रीकरणात एकाहून जास्त बस वापरल्या आणि सगळ्यांवर तोच क्रमांक होता, म्हणजे त्या आकड्यावरून हाती काही लागत नाही. पुढची काच बघा. सहा तुकड्यांची, फुगीर, गोलसर. तिच्यामुळेच अमेरिकेत या बसला 'फिशबोल' म्हणतात. जनरल मोटर्सची न्यू लुक, १९५९ पासून निघालेली. काचेचा एवढा तुकडा दिसला तरी ओळख पटते.

'इन्टू द वाइल्ड' (२००७) मधली १४२ क्रमांकाची बस तर सरळसरळ प्रतिकृती होती. खरी बस, १९४६ ची इंटरनॅशनल हार्वेस्टर के-५, तेव्हा अलास्काच्या रानातच उभी होती. ती २०२० च्या जूनमध्ये हेलिकॉप्टरने उचलून बाहेर काढली. रंगवलेला आकडा दोन्हींवर सारखाच.

आणि 'समर हॉलिडे' (१९६३). त्यातली लाल डबलडेकर लंडनची रूटमास्टर आहे असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ती आर.टी. आहे, म्हणजे रूटमास्टरच्या आधीची पिढी. आर.टी.चा रेडिएटर उघडा, उभट आणि अरुंद, ड्रायव्हरच्या अर्ध्या केबिनशेजारी वेगळा उठून दिसणारा. रूटमास्टरचा रेडिएटर जाळीमागे लपलेला, बोनेट रुंद आणि गोलसर. या फरकासाठी प्लेटची गरजच पडत नाही.

विरोधी मतं मांडा. पण 'प्लेटवर लिहिलंय म्हणून' एवढंच कारण नको.

नोंदवही :

असहमत, आणि तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊन असहमत.

'द इटालियन जॉब' (१९६९) च्या शेवटी कड्यावर लटकलेली कोच. तुमच्या पद्धतीने बघू. पुढे दोन ॲक्सल, मागे एक, चाकं लहान, पुढच्या दोन्ही जोड्या वळणाऱ्या. म्हणजे बेडफर्ड व्हॅल, आणि ती १९६२ पासूनची. बॉडी हॅरिंग्टनची, ज्यांनी बॉडी बांधणं १९६६ मध्ये बंद केलं. इतकी मेहनत करून तुम्ही पोचलात १९६२ ते १९६६ या पट्ट्यात.

आता प्लेट : एएलआर ४५३बी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं. ए म्हणजे १९६३, बी म्हणजे १९६४. एलआर ही लंडनची नोंदणी. एका नजरेत वर्ष आणि गाव दोन्ही हातात. जो पुरावा चार वर्षांचं एक वर्ष करतो तो शेवटी का बघायचा?

दुसरं म्हणजे 'आर.टी. आहे' म्हणणं ही अर्धीच ओळख झाली. एकट्या एईसी कंपनीच्या आर.टी. ४,८२५ बांधल्या गेल्या, लेलँडच्या आर.टी.एल. आणि रुंद आर.टी.डब्ल्यू. धरल्या तर सगळं कुटुंब जवळपास ७,००० च्या घरात जातं. त्यातली नेमकी कोणती? ती आज कुठे जपली आहे की भंगारात गेली? हे प्लेटशिवाय कळत नाही. प्रकार ओळखणं आणि बस ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी हवी आहे.

खिडकीकडची सीट :

नोंदवही यांच्याशी सहमत. रूटमास्टरच्या बाबतीत तर प्लेट म्हणजे जन्मदाखलाच होती. आरएम (म्हणजे रूटमास्टर) २५४ ची प्लेट व्हीएलटी २५४, आरएम ६५२ ची डब्ल्यूएलटी ६५२. ताफ्याचा क्रमांक आणि प्लेट जुळलेली. पडद्यावर दोन्हींतलं एक दिसलं तरी दुसरं कळतं.

दुमजली :

कळत होतं. पण नंतर त्यातल्या कितीतरी मूळ प्लेटा गाड्यांवरून काढून दुसरीकडे गेल्या आणि बसना त्यांच्या वयाला शोभतील अशा नव्या प्लेटा मिळाल्या. २००५ नंतर चित्रित झालेल्या जुन्या काळाच्या सिनेमात रूटमास्टर दिसली तर तिची प्लेट कदाचित त्या बसच्या तरुणपणी अस्तित्वातच नव्हती. उलट वय झाकायचं असेल तर ब्रिटनमधले कोचमालक उत्तर आयर्लंडची प्लेट लावतात, कारण तिच्यावर वर्षाचं अक्षर नसतं. असा दाखला मी पहिला का वाचू?

आल्डनहॅम :

दोघांनाही अडचणीत टाकणारी एक गोष्ट आहे, जरा सविस्तर सांगतो, कारण या वादाचा गाभा माझ्या मते इथेच आहे.

लंडनच्या बस चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्ट या संस्थेच्या बस ठरावीक वर्षांनी आल्डनहॅमच्या कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जात. आर.टी.ची बॉडी चेसिसवरून, म्हणजे चाकं आणि इंजिन असलेल्या खालच्या सांगाड्यावरून, अख्खी उचलली जाई. चेसिस एका रांगेत, बॉडी दुसऱ्या रांगेत. दोन्हींना लागणारा वेळ वेगळा. आपलीच बॉडी तयार होईपर्यंत चेसिसने थांबायचं म्हणजे रस्त्यावर एक बस कमी. म्हणून जी बॉडी तयार असेल ती पुढच्या तयार चेसिसवर बसे. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, एखादी बस दुरुस्तीला आत आली की तिचा क्रमांक आणि प्लेट लगेच दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या बसला मिळे. कागदावर 'ती' बस एकही दिवस रस्त्यावरून गायब होत नसे. प्रत्यक्षात सकाळी आत गेलेलं लोखंड आणि बाहेर आलेलं लोखंड यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

आर.टी.ची बांधणी एवढी काटेकोर होती की भाग एकमेकांना बसत, म्हणूनच हे शक्य झालं. रूटमास्टरला वेगळी चेसिस नाही, ॲल्युमिनियमची सलग बॉडी आणि तिला खालून जोडलेले पुढचे-मागचे भाग. तरी अदलाबदल चालूच राहिली.

म्हणजे १९५८ च्या सिनेमात एका प्लेटची आर.टी. आणि १९६५ च्या सिनेमात त्याच प्लेटची आर.टी. दिसली, तर ती एकच बस आहे असं नोंदवही कशाच्या आधारावर म्हणणार? आणि दुमजली यांनी बॉडी बघून एखादी बस ओळखली, तरी ती बॉडी त्या वर्षी कुठल्या चेसिसवर होती हे चित्रात दिसत नाही.

नोंदवही :

आल्डनहॅमचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. लोखंड बदलत राहिलं, पत्रा बदलत राहिला, टिकून राहिली ती प्लेट आणि क्रमांक. लंडन ट्रान्सपोर्टच्या दप्तरात बस म्हणजे तो क्रमांकच. चालवणाऱ्यांनी जिला बस मानलं तिला मीही बस मानतो. डेपो, मार्ग, निवृत्तीची तारीख या सगळ्या नोंदी क्रमांकावर लागलेल्या आहेत, पत्र्यावर नाहीत.

दुमजली यांचा 'पत्रा बदलायला कारखाना लागतो' हा विश्वासही तपासायला हवा. सिनेमावाल्यांकडे तो कारखाना असतो. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३) मध्ये कमी उंचीच्या पुलाखाली जिचा वरचा मजला उडतो ती आर.टी.च, तिचा वरचा मजला आधीच कापून सुटा करून, घसरेल असा बसवून ठेवला होता. २००४ च्या हॅरी पॉटर चित्रपटातली तीन मजली जांभळी बस आर.टी.चे भाग जोडून उभी केली. तिथे खांब मोजत बसलात तर जी बस कधी बांधलीच गेली नाही तिची ओळख पटवाल.

आणि सिनेमाच्या बाहेरही, युद्धानंतर ब्रिटनमध्ये तिशीच्या दशकातल्या चेसिसवर नव्या बॉड्या चढवल्या गेल्या. अशा बसची बॉडी बघून तुम्ही तिला दहा वर्षांनी तरुण ठरवाल. खरं वय प्लेट सांगेल.

चाकजोडी :

चेसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, हे तर जगभर. टाटा आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचं सहकार्य १९५४ ते १९६९. त्या काळातल्या गाड्यांच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा दिसतो म्हणून 'ही मर्सिडीज बस' असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तारा चेसिसचा. मागची बॉडी कुठल्या बांधणाऱ्याची हे त्याने कळत नाही. एका ओळखीत दोन नावं लिहायची सवय लागली तर निम्मे वाद मिटतील.

रीळ :

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली आहे, की पडद्यावर दिसतं ते सरळ दिसतं. कधीकधी संकलनात दृश्य आरशासारखं उलटं केलेलं असतं. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातल्या बसचा मागचा उघडा प्लॅटफॉर्म डाव्या बाजूला असायला हवा. तो उजवीकडे दिसला की आधी दुकानांच्या पाट्यांची अक्षरं तपासा. बसच्या आतली जुनी दृश्यं तर बऱ्याचदा स्टुडिओतली, आणि खिडकीबाहेरचा रस्ता मागच्या पडद्यावर पाडलेला. बाहेरून दिसलेली बस आणि आतून दिसलेली बस एकच आहे हे गृहीत धरू नये. मी तरी आतल्या आणि बाहेरच्या दृश्यांची ओळख वेगवेगळी लिहितो.

गिअरबॉक्स :

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. आर.टी.ला प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स होता. ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच निवडून ठेवतो आणि पेडल दाबल्यावर तो पडतो. त्या गाड्यांचा सुटतानाचा सूर एकदा कानात बसला की विसरत नाही.

रीळ :

सूर सुंदर आहे, वाद नाही. पण सिनेमातला गाडीचा आवाज बहुधा नंतर चढवलेला असतो, तोही साठ्यात जो असेल तो. प्लेटपेक्षाही कच्चा पुरावा.

चौथा थांबा :

मूळ प्रश्न विचारतो. एवढं ओळखून साधायचं काय? कथा १९५० ची आणि बस १९५६ ची, म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही.

दुमजली :

सिनेमा वाईट ठरवण्यासाठी मी बस बघतच नाही. मला रस आहे तो खऱ्या रस्त्यावर घेतलेल्या दृश्यांत, जिथे बस कुणी आणून उभी केलेली नसते, ती आपल्या मार्गावरून जाताना सहज चौकटीत येते. अशा बसकडून पुष्कळ कळतं. ब्रिस्टल या कंपनीच्या चेसिस १९४८ ते १९६५ या काळात फक्त सरकारी मालकीच्या कंपन्यांनाच विकता येत होत्या. मागच्या रस्त्यावरून ब्रिस्टलची कमी उंचीची डबलडेकर लोडेका गेली की ती बस नगरपालिकेची नाही हे नक्की झालं, आणि गाव ओळखायला मोठी मदत झाली. अमेरिकी रस्त्यावर ग्रेहाउंडची सीनिक्रूझर दिसली, मागचा भाग उंचावलेली, तर ते दृश्य १९५४ च्या आधीचं असूच शकत नाही. तारीख नसलेल्या चित्रीकरणाला असा आधार फार थोड्या गोष्टी देतात. अशा दृश्यात बस लांब असते, हलत असते, प्लेट म्हणजे राखाडी ठिपका असतो. म्हणून मी आकार वाचायला शिका म्हणतो.

आल्डनहॅम :

इथे एक बंधन लक्षात ठेवा. बसवरून फक्त एकच सीमा मिळते. 'याच्या आधीचं नाही' एवढं ती सांगते, 'याच्या नंतरचं नाही' हे सांगत नाही. शेवटच्या आर.टी. लंडनच्या नियमित सेवेत ७ एप्रिल १९७९ पर्यंत होत्या, रूटमास्टर ९ डिसेंबर २००५ पर्यंत. आर.टी. दिसली म्हणजे पन्नासचं दशक, हा निष्कर्ष पंचवीस वर्षांनी चुकू शकतो.

नोंदवही :

आणि ती दुसरी सीमा बऱ्याचदा प्लेटच देते! काळ्यावर पांढरी अक्षरं की पुढे पांढरी, मागे पिवळी परावर्तक प्लेट? ब्रिटनमध्ये १९७३ पासून नव्या गाड्यांना परावर्तक प्लेट सक्तीची झाली. रस्त्यात बसच्या मागेपुढे चार-सहा मोटारी असतात. सगळ्यांच्या प्लेटा काळ्याच असतील तर दृश्य सत्तरच्या मध्यावरचं नाही हे मी अक्षर न वाचता सांगेन. राखाडी ठिपक्याचा रंगही पुरावा असतो.

दुमजली :

हा मुद्दा मला पटला. पण तो बसच्या प्लेटचा नाही, रस्त्यावरच्या गर्दीचा आहे, आणि गर्दीतल्या सगळ्या प्लेटा कुणी बदलत नाही. बसवरची एकटी प्लेट मी अजूनही शेवटीच वाचणार.

यापुढे इथे ओळख देताना प्रत्येकाने ती कशावरून दिली तेही लिहावं, ही विनंती : चेसिस कशावरून, बॉडी कशावरून, नेमका क्रमांक कशावरून.

नोंदवही :

लिहीन. माझ्या नोंदीत क्रमांक पहिल्या ओळीवर असेल. 'इटालियन जॉब'ची कोच मी अशी लिहितो : एएलआर ४५३बी, १९६४, प्लेटवरून, बेडफर्ड व्हॅल, तीन ॲक्सलवरून, हॅरिंग्टन बॉडी, खिडक्या आणि पुढच्या चेहऱ्यावरून. यातली कुठलीही ओळ दुसरीला खोटं पाडत असेल तर दाखवा.