वाचनगटासाठी साइट निवडायची आहे. अंध आणि इतर दिव्यांग सभासदांना ती वापरता येईल का, हे कसं तपासावं?

ग्रंथसखी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचा जुना वाचनगट आहे. महिन्यातून एकदा भेटतो, पण निम्मे सभासद आता पुण्या-मुंबईला नाहीतर मुलांकडे परदेशात असतात. म्हणून पुस्तकांच्या नोंदी, परीक्षणं, चर्चा हे सगळं वाचकांच्या एखाद्या सोशल साइटवर न्यायचं घाटतंय. दोन-तीन साइट मनात आहेत.

आमच्यातले एक काका पूर्ण अंध आहेत. लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, वापरतात. एका मावशींना कंपवात आहे, माउस हातात ठरत नाही. एका मैत्रिणीची दृष्टी अधू आहे, ती अक्षरं खूप मोठी करून वाचते. काका परवा म्हणाले, "तुम्ही ठरवा, मी जमेल तसं येईन." मला हे मान्य नाही. त्यांना सगळ्यांसारखं लिहिता-बोलता येत नसेल, तर ती साइट आमच्यासाठी बाद.

एका साइटला ब्राउझरमधलं तपासणीचं अवजार लावलं, तर भरपूर गुण मिळाले. त्यावर विसंबावं का? आणि हाताने तपासायचं झालं तर सुरुवात कुठून करू?

कळफलक

नुसत्या गुणांवर जाऊ नका, ताई. वेव्ह, लाइटहाउस ही अवजारं चांगलीच आहेत, मी रोज वापरतो. पण चित्राला पर्यायी मजकूर (स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो ते वर्णन) आहे की नाही, एवढंच त्यांना कळतं. तो उपयोगाचा आहे का, हे माणसालाच बघावं लागतं. मुखपृष्ठाला "चित्र" एवढाच मजकूर दिला तरी बऱ्याचदा पास.

पानं तपासण्यापेक्षा कामं तपासा. तुमचा सभासद तिथे काय करणार? खातं उघडणार, पुस्तक शोधणार, "वाचतोय"च्या शेल्फवर ठेवणार, तारे देणार, परीक्षण लिहिणार, चर्चेत उत्तर देणार. यातलं प्रत्येक काम शेवटच्या बटणापर्यंत न्यायचं. परीक्षण छान लिहिता आलं आणि "प्रकाशित करा"वर पोचताच आलं नाही, तर काम झालंच नाही.

आधी माउस बाजूला ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणाच्या कळा, बस. आपण कुठल्या बटणावर आहोत हे ठळक चौकटीने दिसतंय का, ते पाहत जा. शेल्फची यादी माउस वर नेल्यावरच उघडते, असा घोटाळा हमखास सापडतो. यादीतली पुस्तकं ओढूनच वरखाली करता येत असतील तर मावशी अडकतील. साइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीचे डब्ल्यूसीएजी २.२ हे आंतरराष्ट्रीय निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यांनुसार ओढण्याला साधा पर्याय हवा, आणि काही अपवाद सोडले तर बटणं निदान २४ बाय २४ पिक्सेलची हवीत.

मैत्रिणीसाठी पान ४०० टक्के मोठं करा. मजकूर एका रांगेत खाली यायला हवा, प्रत्येक ओळीसाठी आडवं सरकावं लागता कामा नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडी तारखा आणि पानांचे आकडे इथेच नापास होतात.

श्रवणवाचक

मी स्वतः अंध आहे, बरीच वर्षं एनव्हीडीएवर वाचतो. वर सांगितलंय ते बरोबरच आहे, पण स्क्रीन रीडर लावल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत.

पुस्तकाचं पान उघडून एच दाबत जा. आम्ही शीर्षकांवरून उड्या मारत वाचतो. नाव, माहिती, परीक्षणं यांना शीर्षकं नसतील, तर पहिल्या परीक्षणापर्यंत पोचायला सगळा मेन्यू ऐकावा लागतो. मग इन्सर्ट-एफ७ दाबा, लिंकांची यादी येते. त्यात नुसतं "आणखी, आणखी, आणखी" आलं, तर कुठली लिंक कशाची, हे कळायला मार्ग नाही.

तारे नीट ऐका. चांगल्या साइटवर "५ पैकी ३ तारे" असं ऐकू येतं आणि बाणाने बदलता येतं. वाईट साइटवर पाच बिननावाची बटणं असतात, किंवा तारे माउसशिवाय दाबलेच जात नाहीत. म्हणजे पुस्तक वाचूनही माझं मत सरासरीत जात नाही. मला हे फार लागतं.

पुस्तक शेल्फवर ठेवल्यावर काही ऐकू येतं का? डोळसांना कोपऱ्यात "जोडलं" अशी पट्टी दिसते. ती स्क्रीन रीडरला कळवलेली नसेल, तर मी तेच बटण पुन्हा दाबतो आणि पुस्तक शेल्फवरून निघून जातं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे रहस्यफोड. एका साइटवर शेवट उघड करणारा मजकूर धूसर करून झाकायची सोय होती. पण तो फक्त डोळ्यांपुरता झाकलेला. स्क्रीन रीडरने तो सरळ वाचून दाखवला, आणि खुनी कोण ते मला निम्म्या पुस्तकातच कळलं. तुमच्या गटात रहस्यकथा वाचत असतील तर हे आधी तपासा.

मराठीचंही बघा. परीक्षण मराठीत असून पानावर भाषेची खूण इंग्रजी असेल, तर उच्चार बिघडतात. काही आवाज देवनागरी चक्क गाळून पुढे जातात. ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या आवाजात मराठी आहे, पण भाषा कुठली हे पानाने सांगावं लागतं.

आणि मेहेरबानी करून काकांच्या शेजारी बसून तपासा. त्यांच्या हातून कीबोर्ड घेऊ नका. ते कुठे थबकतात तेवढं लिहून घ्या.

दप्तरदार

थोडं अवांतर, पण साइट ठरेपर्यंत काकांच्या हातात पुस्तक पडायला हवं. सुगम्य पुस्तकालय हे २०१६ पासून सुरू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथे सुलभ स्वरूपातली पुस्तकं मिळतात. मावशींना पुस्तक धरवत नसेल तर त्यांच्यासाठीही चौकशी करा, ही सोय फक्त अंधांसाठी नाही. महिन्याचं पुस्तक निवडताना ते सुलभ स्वरूपात आहे का, हे आधी बघितलेलं बरं.

ग्रंथसखी

श्रवणवाचक दादा, रहस्यफोडीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. एक विचारते. यातल्या साइट परदेशी आहेत. अडचणी कळवल्या तर दखल घेतात का? कायद्याचा काही आधार आहे का?

कळफलक

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल मुख्यतः डिजिटल केवायसीबद्दलचा होता. युरोपात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं आणि ऑनलाइन विक्रीला सुलभतेचा कायदा लागू आहे, त्यामुळे तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांना हा विषय नवा नाही.

कायद्याचा दाखला शेवटी द्या. आधी नेमकं लिहा: कुठलं पान, कुठला ब्राउझर, एनव्हीडीएची कुठली आवृत्ती, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. "तुमची साइट अंधांना चालत नाही" असं लिहिलं की ठरीव उत्तर येतं. "तिसऱ्या ताऱ्यावर एंटर दाबलं तरी मत नोंदलं जात नाही" असं लिहिलं की ते दुरुस्त करणाऱ्या माणसापर्यंत पोचतं. साइट निवडण्याआधीच असा एक मेल पाठवा. उत्तर कसं येतं त्यावरून पुढचं ठरवा.

श्रवणवाचक

अ‍ॅप मात्र वेगळं तपासा. साइट उत्तम आणि अ‍ॅपमध्ये बटणांना नावंच नाहीत, किंवा नेमकं उलट, असं होतं. टॉकबॅक लावून तीच सगळी कामं पुन्हा करायची. काका फोनवर जास्त असतील तर आधी तेच करा.