सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी आणि मालकाचा एकत्र फोटो: लेन्स कोणती, वेळ कोणती?

चोपडेकर_फ्रेम्स:
नमस्कार मंडळी. मी चोपड्याचा, लग्नाचे फोटो काढतो. घोड्याचा अनुभव वरातीपुरता, आणि तिथंही माझं सगळं लक्ष वर बसलेल्या नवरदेवाकडे.

वडिलांचे मित्र आहेत, आम्ही आप्पा म्हणतो. शिरपूरकडची बागायत, आणि जीव सगळा मारवाडी घोडीवर. काळीभोर, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. दत्त जयंतीला ते तिला तापीकाठच्या सारंगखेड्याला, घोड्यांच्या यात्रेला नेतात. विकायची नाही, नुसती मिरवायची. यंदा त्यांना घोडीसोबत स्वतःचा मोठा फोटो हवाय, दिवाणखान्यात लावायला, 20 बाय 30 इंच.

अडचण अशी की आधी कुणीतरी काढलेला एक फोटो त्यांनी मला दाखवला. घोडीचं तोंड, शेजारी आप्पांचा फेटा, मागे सगळं मऊ धूसर. मला तर आवडला. आप्पा म्हणाले, "यात माझी घोडी कुठंय?" आता त्यांना नक्की काय हवंय ते विचारायची सोय नाही, विचारलं की "तू फोटोग्राफर ना?" म्हणतात.

माझ्याकडे निकॉनची फुल फ्रेम बॉडी, 50 आणि 85 एमएमच्या लेन्स आहेत. 70-200 भाड्यानं मिळेल. काळी घोडी आणि पांढरा फेटा एका चौकटीत कसे सांभाळायचे? यात्रेतली गर्दी, तंबू, धूळ यांचं काय करायचं?

पिक्सेलपंत:
70-200 घ्या, डोळे झाकून. ॲपर्चर 2.8 वर उघडं ठेवा, मागची गर्दी धूसर होऊन आपोआप गायब. बाकी नंतर एडिटिंगला, लाइटरूममध्ये बघता येतं.

धुळ्याचा_अण्णा:
पिक्सेलपंत, लेन्स बरोबर सांगितलीत, 2.8 नाही. 135 एमएमवर, पाच मीटरवरून, एफ 5.6 ठेवलं तरी जेमतेम दीड फूट खोली शार्प मिळते. घोड्याच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंतच जवळपास तेवढं अंतर. 2.8 वर त्याची निम्मी. डोळा धरला तर नाक गेलं, आणि मालक अर्धं पाऊल मागे असला तर तोही गेला.

चोपडेकर, आता तुमचं. आप्पा शंभर टक्के बरोबर बोलले. मी धुळ्याला स्टुडिओ चालवायचो आणि यात्रेत घोडेवाल्यांचे फोटो बरेच काढले. घोडेवाला फोटो हातात घेतला की आधी पाय बघतो. मग कान, मग मानेचा बाक, मग अंगावरचे केसांचे भोवरे. स्वतःचं तोंड सगळ्यात शेवटी. पंचकल्याणीचा फोटो आणि त्यात चारही पाय नाहीत! पाच खुणांतल्या चार कापून टाकल्यावर तो माणूस "घोडी कुठंय" म्हणणारच. तुम्हाला आवडलेला फोटो हा आपल्या फोटोग्राफर लोकांच्या चवीचा आहे, त्यांच्या नाही. भिंत त्यांची आहे.

तेव्हा मुख्य फोटो पूर्ण घोडीचा, बाजूनं किंवा किंचित तिरका. पंधरा-वीस मीटर मागे जा आणि 135 च्या पुढे राहा. जवळून 50 नं काढलंत तर डोकं मोठं, मागचा भाग लहान, पाय काड्यांसारखे. मोबाइलवरच्या फोटोंत हेच होतं. एक गुडघा टेकून बसा, कॅमेरा घोडीच्या पोटाच्या उंचीला आणा. उभ्यानं वरून काढलं तर पाय आखूड दिसतात, आणि उंची हा तिथं इंचांत बोलायचा विषय आहे.

पाय असे हवेत की चारही मोजता येतील. कॅमेऱ्याकडचा पुढचा पाय सरळ खांबासारखा, पलीकडचा त्याच्या थोडा मागे. मागच्या जोडीत कॅमेऱ्याकडचा पाय जरा मागे. घोडं उभं राहिलं की मागचा एक पाय सैल सोडून त्याला विसावा देतं. ही त्याची रोजची सवय, पण फोटोत ते लंगडं वाटतं. तसं झालं की मालकाला एक पाऊल पुढं न्यायला सांगा आणि पुन्हा उभं करा. गवतात उभी करू नका, खूर बुडतात. कडक, कोरडी, सपाट जागा शोधा.

कान. मारवाडीचे कान आत वळून टोकाला एकमेकांना भिडतात, आणि ही जात लांबूनही ओळखू येते ती त्याच्यावरून. ते मागे पडले की फोटो टाकाऊच समजा. घोडी चिडलेली दिसते आणि जातही दिसत नाही. एक पोरगा तुमच्या मागे उभा करा, हातात चंदीची, म्हणजे दाण्याची पाटी किंवा चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी. तुम्ही खूण केली की त्यानं वाजवायची, आधी नाही. दोन-तीनदा कान टवकारतील, नंतर घोडीला कळतं की यात खायला काही नाही. काही जण मोबाइलवर खिंकाळण्याचा आवाज लावतात. यात्रेत ते करू नका, शेजारच्या तळावर नर बांधलेला असतो!

उजेड: डिसेंबरात तिथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेआठपर्यंत काम संपवा. सकाळी सूर्य तिरपा आणि मऊ असतो, काळ्या अंगावर पाठीपासून मांडीपर्यंत एक चमक धावते, आणि तिच्यावरच घोडीची तब्येत दिसते. दुपारी तीच चमक फुटून पांढरे डाग होतात आणि फेट्याखाली आप्पांचे डोळे काळोखात जातात. काळ्या घोडीनं चौकट भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि काळं राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा. पण मागे मोकळं आकाश किंवा तापीचं चमकतं पाणी असेल तर उलटं होतं. मी मॅन्युअलवर आप्पांच्या गालाचा उजेड धरीन, फेटा जळत नाही ना एवढं बघीन आणि रॉ मध्ये काढीन. शटर 1/500 च्या खाली नको. घोडी स्थिर दिसते, पण कान, शेपूट आणि माशी बसली की थरथरणारं कातडं स्थिर नसतं.

लाल-पिवळ्या तंबूच्या जवळ उभी करू नका, पांढरे पाय त्या रंगाचे होतात. ते नंतर काढत बसणं म्हणजे शिक्षा.

तुम्हाला आवडतो तो तोंडाचा फोटोही काढा, शेवटी. मालक घोडीच्या डोळ्याच्या रेषेत, पुढे-मागे नाही. आप्पांना कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणा. ती माणसं घोडीकडे बघतात तेव्हा तोंडावर जे येतं ते "स्माइल प्लीज" म्हणून येत नाही.

अश्वमित्र_शहादा:
अण्णांनी फोटोचं सांगितलं, मी घोड्याकडून सांगतो. घरी चार जनावरं आहेत.

घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त शेपटीमागं आणि कपाळासमोर अगदी जवळ दिसत नाही. मागून जायचं नाही, समोरून एकदम कॅमेरा तोंडाशी न्यायचा नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. गुडघ्यावर बसायचं तर तिच्या देखत, सावकाश. फ्लॅश नको, छत्री नको, आणि तो चांदीचा गोल रिफ्लेक्टर तर पिशवीतून फटकन उघडतो तो अजिबात नको.

आप्पांना दोर हाताला गुंडाळू देऊ नका. फोटोत ऐटदार दिसतो म्हणून बरेच जण गुंडाळतात. घोडं उधळलं तर हातासकट ओढून नेतं. घडी करून मुठीत धरायचा. फेट्याचा शेमला वाऱ्यावर उडत असेल तर आत खोचा, नवख्या जागी जनावर तेवढ्यानंही बुजतं. आणि दावणीवर असतानाचे फोटो काढू नका, अगाडी-पिछाडीच्या दोरांत पाय हरवतात. शक्यतो तळापासून बाजूला न्या, पण एकटी लांब नेऊ नका, कळप सुटला की ओरडत बसते.

माथेरान_वाट:
आमच्याकडे याच्या उलट. गाड्या नाहीत, घोडे भरपूर, पण झाडी इतकी की अंगावर उन्हाचे कवडसे पडतात आणि सगळीच घोडी अबलख दिसतात. मी पूर्ण सावलीत उभं करतो आणि लाल मातीवरून वर येणारा उजेड वापरतो. एक विनंती: जे घोडेवाले धंद्यावर असतात त्यांचा तास मोडतो, तेव्हा फेरीचे पैसे आधी द्या आणि मग कॅमेरा काढा. प्रिंटही पोचवा.

चोपडेकर_फ्रेम्स:
सगळ्यांचे आभार. आप्पांना फोन केला आणि या वेळी नेमकं विचारलं, कोणती बाजू दाखवू? लगेच उत्तर: "उजवी. डाव्या गुडघ्याला जुना वण आहे." पण आयाळ उजवीकडेच पडते म्हणतात, म्हणजे मान झाकली जाणार. आणि आप्पा कायम डावीकडून धरतात.

धुळ्याचा_अण्णा:
बघा, सरळ विचारलं की सांगतात. आयाळ आदल्या संध्याकाळी ओली करून डावीकडे विंचरा, सैल वेण्या घाला, सकाळी सोडा. तासभर तरी टिकेल. धरायचं म्हणाल तर आप्पांनी आतापासून रोज थोडा वेळ तिला उजवीकडून धरून फिरवावं. यात्रेत पहिल्यांदा बाजू बदलली तर घोडी गोल फिरत राहील आणि तुम्ही तिच्याभोवती. ते जमलंच नाही तर आप्पांना डावीकडेच, घोडीच्या तोंडापुढे अर्धं पाऊल उभे करा. उजवीकडून काढलं तरी ते पूर्ण दिसतील. दोघांच्या मध्ये थोडी जागा ठेवा, काळ्या छातीत काळा कोट मिसळायला नको. कोट कोणत्या रंगाचा आहे तेही विचारून घ्या.