वाढ चालू असताना 'मंदी' म्हणावं का?

प्रश्न : जगाची अर्थव्यवस्था पुढच्या वर्षी ३ टक्क्यांऐवजी पावणेतीन टक्क्यांनी वाढेल, एवढाच अंदाज असतो आणि वर मथळा झळकतो 'जागतिक मंदीचे सावट'. वाढ होतेच आहे, मग मंदी कसली? की 'मंद' म्हणजे हळू, म्हणून हे बरोबरच?

– व्युत्पत्तीने बरोबर, वापराने चूक. 'तेजी-मंदी' ही बाजारातली जोडी. भाव पडले, मालाला उठाव नाही, की व्यापारी मंदी म्हणतो. तोच शब्द पुढे 'रिसेशन'साठी रूढ झाला आणि तिथे अर्थ झाला उत्पादन, रोजगार, उत्पन्न प्रत्यक्षात घटणं. नुसता वेग कमी झाला असेल तर 'वाढ मंदावली' किंवा 'मंदगती' पुरे. 'महामंदी' मात्र १९२९ नंतरच्या दशकासाठी राखून ठेवावा. हल्ली शेअर बाजार दोन दिवस पडला तरी तो बाहेर काढतात.

– लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटलं की मंदी, ही सोपी व्याख्या आहे ना?

– ती ढोबळ खूण आहे. अमेरिकेत मंदीच्या तारखा नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संस्थेची समिती ठरवते आणि रोजगार, उत्पन्न, विक्री, औद्योगिक उत्पादन असं बरंच काही बघते. २०२२च्या पहिल्या दोन तिमाहींत घट दिसत होती, पण रोजगार वाढत होता. समितीने मंदी म्हटलं नाही. उलट २०२०ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल, जेमतेम दोन महिन्यांची, तरी ती मंदीच. आणि ती संपल्याचं जाहीर केलं जुलै २०२१मध्ये! म्हणजे 'मंदी आली' हे वर्तमानकाळात खात्रीने सांगणारा माणूस बहुधा अंदाजच करत असतो.

– 'प्रत्यक्षात घटणं' ही वरची अट एका देशापुरती ठीक, जगाला जशीच्या तशी लागू होत नाही. गेल्या काही दशकांत जगाचं एकूण उत्पादन घटलं ते २००९ आणि २०२०मध्ये. पण जागतिक मंदीची वर्षं मोजताना अभ्यासक १९७५, १९८२ आणि १९९१ही धरतात. त्या तिन्ही वर्षांत एकूण उत्पादन थोडं वाढलं होतं, पण लोकसंख्या त्याहून जास्त वाढली आणि दरडोई उत्पादन घटलं. तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं : वाढ चालू असतानाही जागतिक मंदी असू शकते. फक्त जगाची लोकसंख्या वर्षाला साधारण एक टक्क्याने वाढते, त्यामुळे पावणेतीन टक्के हा काही तो आकडा नव्हे. तो मथळा चूकच.

– विषय निघालाच आहे म्हणून. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा 'वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक' हा अहवाल एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येतो तेव्हा त्या नावाचं 'जागतिक आर्थिक दृष्टिकोन' करतात ते डोक्यात जातं. दृष्टिकोन बघणाऱ्याचा असतो. इथे 'पुढचं चित्र', 'भवितव्य' किंवा सरळ 'अंदाज' हवं.

– माझी तक्रार 'महागाई घटली'बद्दल. महागाईचा दर ८वरून ३ टक्क्यांवर आला, तर भाव उतरले नाहीत, चढण्याचा वेग उतरला. वाचणारा मात्र बाजारात जाऊन चिडतो, की सगळं आहे तिथेच आहे. 'महागाईचा वेग कमी झाला' म्हणायला दोन शब्द जास्त लागतात, एवढंच.

– भाव खरोखर उतरले तर 'स्वस्ताई' म्हणावं का?

– बोलताना खुशाल म्हणा. अर्थशास्त्रातल्या 'डिफ्लेशन'ला नको. स्वस्ताईत आनंद आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून जपान भाव घसरण्याशी झगडला, त्यात आनंद नव्हता. पुढे आणखी स्वस्त होईल म्हणून लोक खरेदी लांबवतात, कर्जाचा बोजा जड होतो. त्याला 'चलनघट' हा पाठ्यपुस्तकी शब्द आहे, मला 'भावघसरण' जास्त आवडतो.

– आणि 'नकारात्मक वाढ'?

– तक्त्यात 'उणे' चालेल. वाक्यात 'घट' हा दोन अक्षरी शब्द आहे की!