हार्ड डिस्क टकटक वाजतेय, फोटो कसे वाचवू?

डेस्कटॉप २०१२ सालचा, ५०० जीबीची साटा डिस्क. आठवडाभर सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतायत. फोटोंचं एक फोल्डर उघडलं की सगळं अडकतं आणि आतून टक... टक... ऐकू येतं. रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावलं होतं, सकाळी ११ टक्क्यांवरच. मुलीच्या लहानपणाचे फोटो फक्त इथेच आहेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी चेकडिस्क थांबवा. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, फोटो वाचवत नाही; उलट मरायला टेकलेल्या डिस्कला राबवतं. डीफ्रॅगही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) नको. टकटक सतत एकाच लयीत असेल तर लगेच बंद करा, डिस्क वाचणारं हेड गेलेलं असू शकतं. मग काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. घरी डिस्क उघडायची नाही, धुळीचा एक कणही पुरतो. फक्त ते फोल्डर उघडल्यावरच वाजत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी७ समोरचे आकडे बघून सांगा.

धागाकर्ती:
फक्त फोल्डर उघडल्यावरच. पिवळा 'कॉशन' आहे. ०५ ला २८, सी५ ला १ए, सी७ शून्य.

प्रतिसाद १:
हे आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणी) असतात, म्हणजे ४० आणि २६. चाळीस सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेत, सव्वीस तिला वाचताच येत नाहीयेत. सी७ म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका; तो वाढलेला असता तर आधी साटा केबल बदला म्हटलं असतं. इथे डिस्कच जातेय, रिपेअरचा विचार सोडा.

तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने प्रत काढा, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागी नंतर परत येतं. मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) द्यायला विसरू नका. आणि कुठली डिस्क जुनी, कुठली नवी हे सीरियल नंबरवरून दोनदा ताडून बघा. उलट झालं तर फोटोंवरच रिकामी डिस्क लिहिली जाईल.

प्रतिसाद २:
सहमत. नंतर विंडोजसाठी अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा, केबल त्याच चालतात. मशीन जुनं असलं तरी फरक लगेच जाणवतो.

धागाकर्ती:
९८ टक्के प्रत झालीय, पण रात्रभर आकडा हललेला नाही. डिस्क हाताला चांगलीच गरम लागतेय. थांबवू का?

प्रतिसाद १:
थांबवा, थंड होऊ द्या. पुन्हा तीच मॅप फाइल देऊन सुरू करा, तिथूनच पुढे जाईल. तोवर नव्या डिस्कवरचे फोटो उघडून बघा.