एफएसटॅबमधल्या एनएफएसच्या ओळीचं टिपण मराठीत लिहायचंय

उद्यमबाग_ड्रॉइंग

नमस्कार. फाउंड्रीचं ड्रॉइंग ऑफिस आहे. १४ लिनक्स मशीन, पॅटर्न आणि कास्टिंगची सगळी ड्रॉइंग एका सर्व्हरवरून एनएफएसने (सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) येतात. सर्व्हरही लिनक्स, माउंट (म्हणजे तो फोल्डर मशीनला जोडणं) व्हर्जन ४.२ वर होतंय. शिवाय दोन मशीन निपाणीच्या ऑफिसात, व्हीपीएनवरून. सगळीकडे एफएसटॅबमध्ये (काय कुठं माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) एकच ओळ आहे. नवीन मशीन आलं की जुन्यावरून उचलून चिकटवायची, असंच चालत आलंय. ओळीतले ऑप्शन:

आरसाइझ=८१९२,डब्ल्यूसाइझ=८१९२,टाइमो=१४,इंट्र,सॉफ्ट,नोएसी

(नावं इथं देवनागरीत लिहितोय, फाइलीत स्पेलिंग मूळचंच.)

प्रत्येक ऑप्शन काय करतो, का ठेवलाय, बदलला तर काय होईल, याचं दोन-तीन पानी टिपण करायचंय. वाचणारे शिफ्टचे ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाले. मराठी प्रत माझ्याकडे, कन्नड प्रत शेजारच्या टेबलावर. मॅन पेज (लिनक्समधलं माहितीचं पान) उघडलं तर ऑप्शन संपता संपत नाहीत. सगळे घ्यायचे की या सहांवर भागेल? डीफॉल्ट किमती लिहायच्या का? आणि मुळात ही ओळ बरोबर तरी आहे का, तेवढं बघा की.

तिसरं_गेट

ओळ समोर ठेवून टिपण लिहू नका. ओळीत असतं ते मागणं, प्रत्यक्षात पदरात काय पडलंय ते वेगळं. एका चालू मशीनवर एनएफएसस्टॅट -एम चालवा आणि त्यात दिसतं ते धरून लिहा. तुम्ही न लिहिलेले रीट्रान्स (मागणी परत पाठवण्याच्या खेपा), सेक (सुरक्षेचा प्रकार), प्रोटो (टीसीपी की यूडीपी, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक पद्धत) तिथं दिसतील आणि लिहिलेला इंट्र दिसणार नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२५ पासून इंट्र वाचला जातो आणि सोडून दिला जातो. तरी टिपणात त्याला एक ओळ द्याच: 'निरुपयोगी, काढला, पुन्हा घालू नये.' काढलेल्याची नोंद नसेल तर सहा महिन्यांनी कोणीतरी नेटवरची जुनी ओळ बघून तो परत आणणार.

एक खाच आहे. फाइलींची माहिती कॅशमध्ये किती सेकंद धरायची ते ठरवणारे चार आकडे (एसीरेगमिन ३, एसीरेगमॅक्स ६०, एसीडिरमिन ३०, एसीडिरमॅक्स ६०) डीफॉल्टवर असले तर एनएफएसस्टॅट -एम मध्ये आणि /प्रॉक/माउंट्समध्ये छापलेच जात नाहीत. ते बघायचे तर /प्रॉक/सेल्फ/माउंटस्टॅट्स उघडायचं. दिसत नाही म्हणजे लागू नाही, असा अर्थ काढू नका.

आरसाइझ-डब्ल्यूसाइझ ८१९२ ही यूडीपीच्या जमान्यातली किंमत. १ एमबी वाचायला १२८ फेऱ्या होतात. दोन्ही काढून टाका. न लिहिल्यास क्लायंट (माउंट करणारं मशीन) आणि सर्व्हर दोघांना झेपणारा मोठ्यात मोठा आकडा आपसात ठरतो, कमाल १०४८५७६ बाइट.

मापाचा रकाना मात्र वेगळा करा, बहुतेक घोळ तिथंच होतो. टाइमो सेकंदाच्या दहाव्या भागात, एसीवाले सेकंदात, रीट्राय मिनिटांत, आरसाइझ बाइटमध्ये. एकाच ओळीत चार मापं, आणि आकड्याला एकक कुठंच लावलेलं नसतं. तुमचा टाइमो=१४ म्हणजे १४ सेकंद नव्हेत, १.४ सेकंद.

मराठीत लिहिताना अजून एक जपा: टाइमो म्हणजे किती वेळ, रीट्रान्स म्हणजे किती वेळा.

सगळे ऑप्शन घ्यायची गरज नाही. जे डीफॉल्टपासून हलवलेत, जे काढलेत आणि जे कोणीतरी घालायचा मोह होईल, एवढेच. डीफॉल्ट लिहायचं, पण कुठल्या कर्नलवर आणि कुठल्या तारखेला बघितलं तेही शेजारी लिहायचं.

जांबोटी_घाट

सॉफ्ट आणि टाइमो=१४ यांची जोडी हे या ओळीचं खरं दुखणं. हिशेब मांडून दाखवा टिपणात, मग कोणी वाद घालणार नाही. टीसीपीवर पहिली वाट १.४ सेकंद, प्रत्येक फेरीला आणखी १.४ ची मुदत, रीट्रान्स लिहिलेला नाही म्हणून २. म्हणजे १.४ + २ × १.४ = ४.२ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की सॉफ्ट माउंट प्रोग्रॅमच्या हातात आयओ एरर देऊन मोकळा होतो.

आता वीज गेली असं धरा. सर्व्हर यूपीएसवर आहे, पण शॉपच्या कोपऱ्यातल्या स्विचला यूपीएस नसतो. जनरेटर लागून स्विच परत उभा राहीपर्यंत मिनिट-दीड मिनिट सहज जातं. वाचताना एरर आली तर निदान दिसते तरी. लिहिताना क्लायंट डेटा आधी मेमरीत घेतो, पाठवतो मागाहून, त्यामुळे एरर येते ती फाइल सिंक किंवा बंद करताना. तिथं उत्तर न तपासणारा प्रोग्रॅम 'सेव्ह झालं' म्हणतो आणि सर्व्हरवर फाइल अर्धी. हे लगेच कळत नाही, पॅटर्न शॉपमध्ये ड्रॉइंग उघडलं की कळतं.

हार्ड ठेवा. तो डीफॉल्टच आहे, तरी ओळीत लिहा, म्हणजे मुद्दाम ठेवलाय हे कळतं. टाइमो काढून टाका, टीसीपीवर तो ६०० म्हणजे ६० सेकंद होतो. सॉफ्ट पाहिजेच असेल तर फक्त वाचायच्या माउंटला, उदाहरणार्थ स्टँडर्ड पार्ट्सची लायब्ररी.

हार्डचं एक लक्षण ऑपरेटरसाठी ठळक लिहा: नेटवर्क गेलं की स्क्रीन गोठल्यासारखी होते. मशीन बटणाने बंद करायचं नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) 'नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग' दिसेल, सर्व्हर परत आला की 'ओके' येईल आणि काम होतं तिथून पुढं चालू होईल. अगदीच थांबता येत नसेल तर अडकलेला प्रोग्रॅम किल -९ ने मरतो, पण न पोचलेलं काम त्याच्याबरोबर जातं.

बूटचं राहिलं. नोफेल घाला, नाहीतर सर्व्हर बंद असताना मशीन वर येताना अडून बसतं. जुनं बीजी (माउंटचा प्रयत्न मागे चालू ठेवणारा ऑप्शन) कोणी लिहिलं तरी सिस्टिमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) ते स्वतःच बदलून घेतो: ऑप्शनांच्या यादीच्या सुरुवातीला रीट्राय=१०००० आणि अमर्याद मुदत जोडतो, शेवटी एफजी (बीजीच्या उलट) आणि नोफेल. नोफेलला मात्र एक शेपूट आहे. माउंट झालंच नाही तर खाली रिकामा फोल्डर उरतो, त्याला लिहायची परवानगी असली तर लोक त्यातच ड्रॉइंग सेव्ह करत बसतात. नंतर माउंट झालं की ती फाइल 'गायब'. माउंट नसताना त्या फोल्डरवर एकदा चॅट्र +आय मारून ठेवा, मग रूटलाही तिथं लिहिता येत नाही.

निपाणीच्या दोन मशीनना एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट बरा, फोल्डर उघडला की माउंट होतं. पावसाळ्यात लिंक जात-येत असेल तर आयडल-टाइमआउटही द्या, काम नसताना माउंट सुटून जाईल.

शहापूर_माग

वरच्या दोघांनी नोएसीला हातच लावला नाही. ऑफिस मंद चालतंय अशी तक्रार असेल तर कारण आरसाइझच्या आधी नोएसीत शोधा.

नोएसीने दोन गोष्टी एकदम होतात. फाइलींची माहिती कॅश होत नाही, आणि प्रत्येक लिखाण सिंक होतं, म्हणजे सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबतं. हजारभर ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये एलएस -एल (फाइलींची सविस्तर यादी) दिलं की दर वेळी सगळं सर्व्हरला नव्याने विचारायचं. कोणी घातला असेल त्याचं कारण बहुधा एकच: 'शेजाऱ्याने केलेली फाइल माझ्याकडे दिसत नाही.' त्याला नोएसी लागत नाही. एनएफएसचा नियमच आहे की फाइल उघडताना क्लायंट सर्व्हरकडे खातरजमा करतो. एकाने फाइल बंद केली आणि दुसऱ्याने त्यानंतर उघडली तर नवीच मिळते.

उरतो एकच प्रकार. तुम्ही एखादं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि 'नाही' हे उत्तरच कॅशमध्ये बसलं. मग शेजाऱ्याने फाइल केली तरी थोडा वेळ, फार तर एसीडिरमॅक्सचे ६० सेकंद, तुमच्याकडे 'नाही'च. त्यावर लुकअपकॅश=पॉझिटिव्ह. 'आहे' तेवढं लक्षात ठेवतो, 'नाही' ठेवत नाही. नोएसी काढून हा घाला, सर्व्हरवरचा भार लगेच हलका होईल. दोन मशीन एकच फाइल एकाच वेळी उघडून लिहीत असतील तर यातलं काहीच उपयोगी नाही, तिथं लॉकच पाहिजे.

मोह होणाऱ्यांत एनकनेक्टही टाका. कर्नल ५.३ पासून आहे, एका सर्व्हरशी १६ पर्यंत जोडण्या. पण एका सर्व्हरचे दोन माउंट असतील तर पहिल्याचाच आकडा चालतो. दुसऱ्या ओळीत कितीही लिहा, नुसती शोभा.

उद्यमबाग_ड्रॉइंग

भरपूर मिळालं, आभारी आहे. एक अजून. चार नवीन मशीन एकाच इमेजवरून (तयार डिस्कची नक्कल) केलीत. एकेकटं चालू असलं की ठीक. दोन एकदम लावली की फाइलींचे लॉक सुटतात, मधूनच सगळं अडकतं, पुन्हा चालू होतं. ओळ सगळीकडे तीच आहे. हे टिपणात कुठं बसवू?

तिसरं_गेट

चारही मशीनवर होस्टनेम बघा. एकच असणार.

व्हर्जन ४ मध्ये सर्व्हर प्रत्येक क्लायंटच्या नावावर उघड्या फाइली आणि लॉक मांडून ठेवतो. लिनक्स क्लायंट स्वतःची ओळख होस्टनेमवरून बनवतो. दोन मशीनची ओळख एक झाली की दुसरं आल्यावर सर्व्हरला वाटतं पहिलंच रीबूट होऊन आलंय, म्हणून तो पहिल्याचं सगळं पुसतो. मग पहिलं परत ओळख सांगतं आणि दुसऱ्याचं पुसलं जातं. ही दोघांची ढकलाढकली तुम्हाला अडकणं-सुटणं म्हणून दिसते.

होस्टनेम वेगवेगळी करा आणि रीबूट करा, बहुतेक तेवढ्याने मिटेल. पक्कं करायचं तर मॉडप्रोब.डी (कर्नल मॉड्यूलच्या सेटिंगचा फोल्डर) मध्ये एनएफएस मॉड्यूलला एनएफएस४_युनिक_आयडी द्या, प्रत्येक मशीनला वेगळा यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळख-क्रमांक). तो रीबूटनंतरही तोच राहिला पाहिजे, दर वेळी नवा बनवून चालत नाही. /ईटीसी/मशीन-आयडीवरून काढायला जाऊ नका, इमेजबरोबर तोही एकच आला असणार. पुढची इमेज घेण्याआधी ती फाइल रिकामी करा (काढून टाकायची नाही, रिकामी), पहिल्या बूटला नवा आकडा तयार होतो.

टिपणात हे ऑप्शनांच्या तक्त्यात बसत नाही, कारण ते एफएसटॅबमध्ये नाहीच. 'नवीन मशीन लावताना' असं वेगळं अर्धं पान करा. आणि सगळ्या मशीनना लागू असलेले ऑप्शन एफएसटॅबमध्ये सोळा वेळा लिहिण्यापेक्षा /ईटीसी/एनएफएसमाउंट.कॉन्फमध्ये ठेवता येतात. त्यात माउंटपॉइंटचा भाग सर्व्हरच्या भागावर मात करतो, सर्व्हरचा ग्लोबलवर, आणि एफएसटॅबमधलं सगळ्यांवर. ती फाइल वापरलीत तर टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर एफएसटॅब बघणाऱ्याला वाटेल ऑप्शनच नाहीत.

उद्यमबाग_ड्रॉइंग

होस्टनेम चारही एकच निघाली. बदलून रीबूट केलं, आता चारही एकदम चालू आहेत.

ओळ आता अशी: हार्ड,लुकअपकॅश=पॉझिटिव्ह,नोफेल. टिपणातली एक नोंद टाकतो, बघा.

'टाइमो. ओळीत: काही नाही (आधी १४ होता, काढला). चालू किंमत: ६००. माप: सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ६० सेकंद. अर्थ: सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर तीच मागणी परत पाठवण्याआधी किती वेळा थांबायचं. कमी केल्यास: नेटवर्क जरा मंद झालं तरी मागण्या उगाच दोनदा जातात. सॉफ्ट असेल तर फाइल अर्धी राहण्याची भीती. लागू कसं करायचं: रीमाउंटने होत नाही, सगळे प्रोग्रॅम बंद, अनमाउंट, परत माउंट. तपासायचं: एनएफएसस्टॅट -एम.'

तिसरं_गेट

चांगली उतरलीय. फक्त 'किती वेळा थांबायचं' मध्ये एक काना जास्त पडलाय, 'किती वेळ' पाहिजे. आत्ता तुम्ही टाइमोच्या नोंदीत रीट्रान्सचा अर्थ लिहिलाय.

जांबोटी_घाट

कन्नड प्रतीत ही भानगड नाही ओ. तिथं एक 'एष्टु होत्तु' आणि दुसरं 'एष्टु सल', गल्लत व्हायला जागाच नाही. मराठीत रीट्रान्सला 'किती खेपा' लिहा, म्हणजे झालं.