नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यात पीएचडी होते का?

उपकेंद्रवाली:
नमस्कार. मी बीएएमएस, नंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, केलं (61 टक्के). चार वर्षं धडगाव तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कंत्राटी. पीएचडी करायचीय. डोक्यात विषय आहे 'आदिवासी भागातील कुपोषण'. नोकरी सोडणं परवडणार नाही, घरची शेती पावसावर. पार्ट-टाइम खरंच होते का? देशपातळीवरची नेट देऊ की विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, पेट? दुसरी भीती अशी की आमची रजिस्टरं काही धड नाहीत. जन्मवजनाच्या रकान्यात पानभर 2.5, 2.5, 2.5. त्यावर कसलं संशोधन करणार?

फॉर्म_भरून_थकलो:
होते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पार्ट-टाइमची सोय आहे, फक्त ऑफिसची एनओसी लागते. कोर्सवर्क मात्र चुकत नाही, किमान 12 क्रेडिट. नेट द्याच, विषय 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ'. 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळतो, 70 टक्के नेटचे आणि 30 मुलाखतीचे. जेआरएफचे (संशोधन शिष्यवृत्तीचे) महिना 37,000 नोकरी करताना घेता येत नाहीत, ते विसरा. मुदत सहा वर्षं, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत.

पाचवं_वर्ष:
ताई, 'कुपोषण' घेऊन गेलात तर कुठलाही गाइड म्हणेल, आधी बारीक करून आणा. आणि बारीक विषय तुम्ही स्वतःच लिहून गेलात की वर, तक्रार म्हणून!

2.5 च्या खाली भरलं की बाळ कमी वजनाचं. मग आशाच्या फेऱ्या वाढतात, वरून विचारणा होते. झोळीच्या काट्यावर बाळ पाय झाडतं, सुई दोन रेघांमध्ये नाचते, म्हातारी म्हणते पुरे झालं आता. अशा वेळी कुणीही जवळचा आकडा लिहील. पण नुसता काट्याचा दोष असेल तर 3.0 वरही तसाच ढीग दिसायला हवा. ढीग फक्त 2.5 वर आणि 2.3-2.4 ला खड्डा, असं निघालं तर भानगड वेगळी. तीच शोधा. त्या खड्ड्यातली बाळं यादीत येतच नाहीत, म्हणजे जादा फेऱ्याही नाहीत.

दोन गोष्टी मात्र माझ्यावरून शिका. मी उत्साहात एथिक्स कमिटीची मंजुरी यायच्या आधीच 38 मुलाखती घेतल्या. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. सगळ्या गेल्या, वर्ष गेलं. गाइड तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, नंतर मात्र भरपूर बोलले.

दुसरं, स्वतःच्या उपकेंद्रात अभ्यास करू नका. तुमच्या आशांच्या कामावर तुमची सही लागते. "वजन खरं लिहिता ना?" विचारलंत तर "हो मॅडम"शिवाय काय ऐकायला मिळणार? शेजारचा तालुका घ्या.

फॉर्म_भरून_थकलो:
आणि एनओसीच्या अर्जाची पोच घ्या. माझा पहिला अर्ज टेबलावरच हरवला.

उपकेंद्रवाली:
वाचून राहवलं नाही, मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. 64 नोंदी. 2.5 वर 29, 3.0 वर 8, आणि 2.4 फक्त एक. ते बाळ मी स्वतः तोललं होतं, आशाताई त्या दिवशी लसीकरणाला गेलेल्या.

शेजारचा तळोदा तालुका चालेल का? आणि कंत्राटी माणसाला एनओसी कोण देतं, तालुका की जिल्हा?